ड्रोनच्या फोटोवरून वावराचा खडबडीतपणा मोजताना आकडा ग्रिडबरोबर का बदलतो

भाऊ, प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, समजण्यात काही चुकलं असेल तर सांगा. दारव्ह्याकडे दोन वावरं आहेत, एक नुसतं नांगरलेलं, दुसरं नांगरून वर रोटाव्हेटर मारलेलं. दोन्हीवरून ड्रोन फिरवला, फोटोंवरून उंचीचा नकाशा काढला, अन् कॉम्प्युटर व्हिजनच्या (कॉम्प्युटरला फोटो समजायला लावणाऱ्या शास्त्राच्या) पेपरात सापडलेला वक्रतेच्या, म्हणजे पृष्ठभाग किती वाकतो त्याच्या, वर्गाचा फॉर्म्युला लावून गुळगुळीतपणाचा आकडा काढला. मंग दोन भानगडी झाल्या. २ सेंमीच्या ग्रिडवर, म्हणजे नकाशा २ सेंमीच्या चौकोनी सेलमध्ये पाडल्यावर, जो आकडा होता तो १ सेंमीच्या ग्रिडवर जवळपास १५ पट झाला. अन् रोटाव्हेटरचं वावर नांगरलेल्यापेक्षा खडबडीत निघालं, जे तुमच्या बाबांना सांगितलं तर ते लॅपटॉपकडे बघतील अन् मग तुमच्याकडे. तुम्ही विचारलं की बरोबर फॉर्म्युला कोणता.

फॉर्म्युल्यात काही खोट नाही. तो ज्या कामासाठी बनला ते काम वेगळं आहे, हा खरा घोळ. कॉम्प्युटर व्हिजनमध्ये गुळगुळीतपणाचं गणित बहुतेक वेळा दंड म्हणून येतं, म्हणजे उत्तर जितकं वेडंवाकडं तितका त्याच्या नावावर आकडा चढतो, अन् कमी दंडाचं उत्तर निवडायचं. हॉर्न अन् शुंक यांनी १९८१ मध्ये ऑप्टिकल फ्लो, म्हणजे लागोपाठच्या फोटोंत कोणता पिक्सेल कुठं सरकला ते, काढताना शेजारच्या पिक्सेलची गती एकदम बदलू नये म्हणून असाच दंड लावला. कास, विटकिन अन् टर्झोपोलस यांच्या स्नेक्समध्ये, म्हणजे १९८७-८८ च्या कामात, फोटोतल्या कडेला जाऊन चिकटणाऱ्या वक्ररेषेला दोन दंड होते, एक ताणल्याचा अन् एक वाकल्याचा. तिथं प्रश्न एवढाच असतो की एकाच ग्रिडवरच्या, एकाच फोटोवरच्या दोन उत्तरांपैकी कोणतं कमी वेडंवाकडं. दोन पैलवानांत जड कोण हे उचलून सांगता येतं, पण किलो किती ते काट्यावरच कळतं, तसं आहे हे. दंडाला युनिट लागत नाही, वजनाचा गुणक कमीजास्त करून काम भागतं. तुम्हाला मात्र दोन वेगळ्या वावरांचे, कदाचित दोन वेगळ्या दिवशीचे, आकडे शेजारी ठेवायचे आहेत. तिथं युनिट, ग्रिड, फोटोचा दर्जा, सगळंच आकड्यात शिरतं.

आता ते १५ पट कुठून आलं ते बघू, कारण त्यातच निदान आहे. वक्रता काढायला तुम्ही उंचीचा दुसरा फरक घेता, म्हणजे डावी उंची अधिक उजवी उंची वजा मधलीची दुप्पट, अन् त्याला ग्रिडच्या अंतराच्या वर्गाने भागता. प्रत्येक उंचीत थोडी चूक असतेच. गुणक १, उणे २, १ आहेत, त्यांच्या वर्गांची बेरीज ६, म्हणून चूक वर्गमूळ ६ पट म्हणजे अंदाजे २.४५ पट होते, अन् मग अंतराच्या वर्गाने भागली जाते. अंतर अर्धं केलं की ही चूक ४ पट. तुमचा फॉर्म्युला पुन्हा वर्ग घेतो, म्हणजे १६ पट. तुम्ही लिहिलंय की २ सेंमीचा ग्रिड १ सेंमीच्या ग्रिडमधून एकाआड एक सेल उचलून केला, तेव्हा उंचीतली चूक दोन्हीकडे सारखीच होती. मग १५ पट हा आकडा मातीचा नव्हे हो, जवळपास शुद्ध नॉइजचा, म्हणजे मोजणीतल्या चुकीचा, आहे. खऱ्या ढेकळाची वक्रता ग्रिड बारीक केल्यावर एका किमतीपाशी येऊन थांबते, अशी पळत सुटत नाही. (सेलची सरासरी घेऊन ग्रिड केला असता तर नॉइजही कमी झाला असता अन् फरक १६ पेक्षाही मोठा दिसला असता, त्यामुळे ग्रिड कसा केला हे नेहमी लिहून ठेवत जा.)

आता तुम्ही म्हणाल, नॉइज काढून टाकला तर? मग निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं जास्त महत्त्वाचं आहे अन् लोक तेच सोडून देतात.

समजा एका रेषेवर, तासाला (अवजाराने पाडलेल्या ओळीला) आडव्या, फक्त दोन प्रकारचे चढउतार आहेत. पहिला सरी-वरंब्याचा, दर १ मीटरला एक, मधल्या पातळीच्या वर १० सेंमी अन् खाली १० सेंमी. दुसरा ढेकळांचा, दर १० सेंमीला एक, वर १ सेंमी अन् खाली १ सेंमी. दोन्ही साध्या साइन लाटा धरा. आता तीन माणसं तीन मापं घेऊन आली. पहिल्याने उंचीचं प्रमाण विचलन काढलं, त्याला सरी ७ सेंमी अन् ढेकूळ ०.७ सेंमी मिळालं, म्हणजे सरी १० पट खडबडीत. दुसऱ्याने उतार मोजला, म्हणजे पृष्ठभागावरून चाललेल्या रेषेची लांबी सरळ अंतरापेक्षा किती जास्त भरते ते, तर दोन्हीकडे ९ टक्के, काहीच फरक नाही. तिसऱ्याने वक्रता मोजली, त्याला सरी प्रति सेंमी ०.०४ अन् ढेकूळ ०.४, म्हणजे आता ढेकूळच १० पट खडबडीत, अन् वर्ग केला तर १०० पट.

तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. एकेक डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर, उंचीचा पहिला म्हणजे उतार, दुसरा म्हणजे वक्रता) घेतला की बारीक लाटेचं वजन त्या प्रमाणात वाढत जातं, एवढंच गणित आहे. म्हणजे उंची, उतार, वक्रता यातलं काय घ्यायचं हे ठरवताना तुम्ही नकळत हे ठरवत असता की तुम्हाला कोणत्या मापाचे उंचवटे दिसायला हवेत. तुमचं रोटाव्हेटरचं वावर का हरलं ते आता कळेल. नांगराने मोठी ढेकळं निघतात, हातभर अंतरावरची, त्यांची वक्रता कमी. रोटाव्हेटरने सगळं बारीक भुसभुशीत होतं, उंची कमी पण लाट लहान, म्हणून वक्रता जास्त. त्यात अजून एक गोष्ट मिसळली असणार, काळ्या मातीचा बारीक केलेला पृष्ठभाग फोटोत एकसारखा दिसतो, मॅचिंगला, म्हणजे वेगवेगळ्या फोटोंत तीच जागा ओळखायला, धरायला खुणा कमी सापडतात अन् उंचीतली चूक वाढते. मोठ्या ढेकळांना सावली असते, कडा असतात, तिथं सॉफ्टवेअर खूश असतं.

म्हणून मी कुणाचंही असं काम घेताना आधी विचारतो की हा आकडा कशाला पाहिजे बाप्पा. याचं उत्तर परिस्थितीवर आहे, माझ्याकडे एक नाही. सोयाबीनचं बी ३ ते ५ सेंमी खोल पडायला हवं, तर पेरणीयंत्राला ३ ते १५ सेंमी मापाची ढेकळं नडतात, एक मीटरच्या लाटेशी त्याला घेणंदेणं नाही कारण यंत्र तिच्यावरून चढतं-उतरतं. पाणी कुठं साचतं हे बघायचं असेल तर सरी-वरंबा अन् वावराचा एकूण उतार पाहिजे, ढेकळं पहिल्या दोन-तीन पावसांत विरघळूनच जातात. हार्वेस्टरच्या कापणाऱ्या दात्यांच्या पट्टीला चालेल एवढं सपाट आहे का हे बघायचं असेल तर त्या पट्टीच्या रुंदीच्या, म्हणजे मीटर-दोन मीटरच्या पुढच्या लाटा. तुमच्या प्रोजेक्टचं नाव मशागतीची तुलना असं आहे, म्हणून मी पहिला हेतू धरून पुढं लिहितो. तुमचा हेतू वेगळा असेल तर खालचे आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

शेतीवाल्यांनी हा प्रश्न व्हिजनवाल्यांच्या आधी हाताळला आहे हेही माहीत असू द्या. १९६६ मध्ये ऑलमारस अन् सोबत्यांनी रँडम रफनेस म्हणून माप दिलं, त्याचा गाभा असा की जमिनीचा उतार काढून टाका, अवजाराने पाडलेल्या तासांच्या खुणा काढून टाका, अन् जे उरतं त्याच्या उंचीचं विचलन घ्या. त्या काळी खिळ्यांची पट्टी ठेवून एकेक उंची घ्यायचे. १९९३ मध्ये सालेह यांनी रोलर चेनची पद्धत दिली, चेन जमिनीवर अंथरायची, तिची मूळ लांबी अन् आता तिने व्यापलेलं आडवं अंतर यातला टक्क्यातला फरक म्हणजे खडबडीतपणा. १ मीटरची चेन ९२ सेंमीत बसली तर ८. स्वस्त अन् झकास पद्धत आहे, पण वरचं उदाहरण आठवा, ती उतार मोजते, म्हणून मोठी सरी अन् बारीक ढेकूळ तिला एकच दिसतात, दोन्हीकडे साधारण ८ च येईल. तरी वावरात पडताळा म्हणून मी सायकलची जुनी चेन जोडून वापरतो, खर्च काही नाही.

लेथवर काम करणाऱ्यांना विचारलं तर तेही हेच सांगतील. तिथं खडबडीतपणाचा आकडा कट-ऑफशिवाय बोलतच नाहीत, नेहमीच्या कामाला ०.८ मिमी कट-ऑफ असतो, त्याहून लांब लाटा वेगळ्या खात्यात जातात. पृष्ठभागासाठीचं आयएसओ २५१७८ हे मानकही असंच चालतं, आधी फार बारीक लाटा काढून टाका, मग मूळ आकार काढून टाका, मग फार लांब लाटा काढून टाका, उरलेल्या पट्ट्यात माप घ्या. आपल्याला फक्त मिलीमीटरच्या जागी सेंटीमीटर टाकायचे आहेत.

तर मी करतो ते असं. सगळ्यात आधी वावराच्या तुकड्याला, समजा ५ बाय ५ मीटर, एक सपाट प्रतल बसवायचं अन् वजा करायचं, जमीन थोडी पोटात खोलगट असेल तर द्विघाती पृष्ठभाग बसवा, त्याच्या वर जाऊ नका, नाहीतर तुम्ही जे मोजायला निघालात तेच खाऊन टाकाल. हे बसवणं धुऱ्याला (बांधाला) लागून करू नका, धुऱ्याचा चढ सगळं ओढून घेतो. मग तास कोणत्या दिशेने आहेत ते बघून त्या दिशेने सरासरी घ्यायची, म्हणजे तासाचा सरासरी आकार मिळतो, तो वजा करायचा. तास सरळ नसतील, अन् आपल्याकडे वळणावर कुठं असतात सरळ, तर लहान तुकडा घ्या. दिशा डोळ्याने कळत नसेल तर द्विमितीय फुरिए (नकाशातल्या लाटा लांबी अन् दिशेप्रमाणे वेगळ्या करणारं गणित) काढा, तासाला काटकोनात दोन ठळक ठिपके उठून दिसतात.

यानंतर पट्टा. बारीक बाजूला ३ सेंमी, लांब बाजूला ३० सेंमी, पेरणीच्या हेतूला एवढं मला ठीक वाटतं. गॉशियन फिल्टर (आजूबाजूच्या उंचीची सरासरी घेणारा, जवळच्याला जास्त वजन देणारा; सिग्मा म्हणजे त्याची रुंदी) वापरता तेव्हा एक व्यावहारिक गोष्ट लक्षात असू द्या, ज्या लांबीची लाट अर्धी व्हायला हवी त्या लांबीच्या ०.१८७ पट सिग्मा ठेवायचा. म्हणजे ३० सेंमीला सिग्मा ५.६ सेंमी अन् ३ सेंमीला अर्ध्या सेंमीच्या थोडा वर. बरेच पोट्टे सिग्मा ३० ठेवतात अन् मग विचारतात सगळं सपाट काऊन झालं. दोन्ही फिल्टरमधला फरक घेतला की पट्ट्यातली उंची मिळते, तिचं प्रमाण विचलन सेंटीमीटरमध्ये लिहा. हा तुमचा मुख्य आकडा. तो लिहिताना "३ ते ३० सेंमी पट्ट्यात, तास काढून" एवढं सोबत लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी तुम्हालाच तो वाचता येणार नाही.

वक्रता पूर्ण टाकून द्या असं म्हणत नाही. पट्टा ठरवल्यावर, म्हणजे ३ सेंमीच्या खालचं सगळं काढल्यावर, वक्रतेला अर्थ येतो अन् ग्रिड १ चा असो की अर्ध्या सेंमीचा, आकडा जवळपास तोच राहतो. असं होतंय का हे बघणं हीच चांगली परीक्षा आहे. ते न करता थेट केलं तर हिशोब बघा, उंचीतली चूक अर्धा सेंमी धरली, अन् ड्रोनसाठी ती चांगलीच म्हणायची, तर १ सेंमी ग्रिडवर वक्रतेतली चूक १.२ येते, अन् वरच्या ढेकळाची खरी वक्रता होती ०.४.

पृष्ठभागाच्या वक्रतेबद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतं की लाप्लासियन घेऊ की गॉसियन कर्व्हेचर. लाप्लासियन म्हणजे दोन्ही दिशांच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची बेरीज, त्याची अडचण म्हणजे खोगिरासारखा भाग, एका दिशेने वर अन् दुसऱ्या दिशेने तेवढाच खाली, त्याला तो शून्य देतो, म्हणजे वाकलेला असून सपाट. ढेकळांच्या मधे असे भाग असतातच. गॉसियन कर्व्हेचर दोन मुख्य वक्रतांचा गुणाकार आहे, म्हणून पन्हाळीसारख्या, एकाच दिशेने वाकलेल्या पृष्ठभागाला तो शून्य देतो. सरळ तास त्याला दिसतच नाहीत, फक्त ढेकळं दिसतात, जे ऐकायला तर आपल्याला हवं तेच आहे, पण दोन नॉइजभरल्या संख्यांचा गुणाकार असल्याने प्रत्यक्षात मला त्यावर कधी भरवसा वाटला नाही. शिवाय त्याची सरळ बेरीज घेऊ नका, उंचवट्याचं धन अन् खोगिराचं ऋण एकमेकांना खाऊन टाकतात. घ्यायचंच असेल तर थिन प्लेटचा फॉर्म्युला घ्या, एका दिशेच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा वर्ग, दुसऱ्या दिशेचा वर्ग, अन् मिश्र डेरिव्हेटिव्हच्या वर्गाची दुप्पट. ती दुप्पट विसरू नका, ती असते म्हणून नकाशा फिरवला तरी आकडा बदलत नाही.

आता फोटो, कारण निम्मा निकाल तिथंच लागतो. १ इंची सेन्सर, ८.८ मिमी फोकल लेन्थ अन् २.४ मायक्रॉनचा पिक्सेल असा कॅमेरा ३० मीटरवरून जमिनीवर साधारण ८ मिमीचा पिक्सेल देतो, ६० वरून १६ मिमीचा. उंचीतली चूक ढोबळमानाने पिक्सेलच्या १ ते ३ पट धरायची. ढेकूळ ओळखायला त्यावर निदान ५-६ पिक्सेल पडले पाहिजेत, म्हणजे ३० मीटरवरून ५ सेंमीच्या खालचं काही बोलायचंच नाही. ३ सेंमीपर्यंत उतरायचं असेल तर ड्रोन राहू द्या, १ बाय १ मीटरची चौकट ठेवा, चारी बाजूंनी मोबाइलने भरपूर ओव्हरलॅप ठेवून फोटो घ्या, तिथं चूक मिलीमीटर-दोन मिलीमीटरवर येते. मेमधलं भर दुपारचं ऊन टाळा, काळी माती काळीकुट्ट येते. सकाळी नऊच्या आत बरं पडतं, पण लांब सावल्या फिरत असतात म्हणून एक चौकट पटकन उरका.

सॉफ्टवेअरबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. फोटोंतून उंची काढणारी प्रोग्रॅम स्वतःच आतमध्ये गुळगुळीतपणाचा दंड वापरतात, सेमी-ग्लोबल मॅचिंग नावाच्या पद्धतीत तर शेजारच्या पिक्सेलची खोली थोडी बदलली तर लहान दंड अन् जास्त बदलली तर मोठा दंड असं उघड लिहिलेलं आहे. मेटाशेप या सॉफ्टवेअरमध्ये डेप्थ फिल्टरिंग (खोलीतले चुकार बिंदू गाळणं) माइल्ड ठेवलं की अग्रेसिव्ह, यावर ढेकळं राहतात की घासली जातात ते ठरतं. म्हणजे वर सांगितलेला दंड तुमच्या डेटात आधीच एकदा लागून गेलेला आहे अन् तुम्ही त्यावर पुन्हा माप घेताय. त्यामुळे दोन्ही वावरांना सेटिंग एकच, उड्डाणाची उंची एकच, अन् जमलं तर वेळही एकच. यातलं एक जरी वेगळं असेल तर तुलना करू नका, तो आकडा कोणताही आला तरी.

नॉइज किती आहे हे आधी बघायला व्हेरिओग्राम काढा. दोन बिंदूंमधल्या उंचीच्या फरकाच्या वर्गाची सरासरी, तिची अर्धी, अन् ती बिंदूंच्या अंतरासमोर मांडायची. अंतर शून्याकडे नेल्यावर आलेख जिथं उभ्या रेषेला टेकतो ती नॉइजची पातळी, अन् तो जिथं आडवा होतो तिथवरचं अंतर म्हणजे ढेकळांचं माप. मात्र मॅचिंगची चूक शेजारच्या सेलमध्ये सारखी पसरते, ती यात लपून राहते. म्हणून जमिनीवरच पडताळा ठेवायचा. एक प्लायवूडचा तुकडा घ्या, त्यावर वर्तमानपत्र चिकटवा म्हणजे मॅचिंगला खुणा मिळतील, अन् तो चौकटीच्या बाजूला ठेवा. सपाट असूनही त्यावर जो खडबडीतपणा येईल तो तुमच्या कॅमेऱ्या-सॉफ्टवेअरचा. मातीच्या आकड्याच्या वर्गातून त्याचा वर्ग वजा करा अन् वर्गमूळ घ्या. खुणा मातीपेक्षा कागदावर जास्त असतात, त्यामुळे ही चूक थोडी कमीच मोजली जाते, तेवढी सूट मनात ठेवा.

प्लायच्या शेजारी पन्हाळी टिनाचा एक तुकडाही ठेवा, चुना लावून, कारण कोरा टिन चमकतो अन् मॅचिंग फसतं. चुना ओला असताना वर थोडी माती भुरकवा, पांढऱ्या पृष्ठभागावरही खुणा लागतातच. त्याची खोली पट्टीने मोजा, माथ्यापासून तळापर्यंत १८ मिमी भरली तर विचलन त्याच्या ०.३५ पट म्हणजे ६.४ मिमीच्या आसपास यायला हवं. पन्हाळीची लाट साधारण ७-८ सेंमीची असते, म्हणजे आपल्या ३ ते ३० च्या पट्ट्यात बरोबर बसते, फिल्टर तिला थोडंसंच कमी करेल. ४ आलं तर सॉफ्टवेअर घासतंय, ९ आलं तर नॉइज आहे किंवा स्केल चुकलाय. टिन प्रतलाने अन् पट्ट्याने तपासा, तास वजा करायची पायरी त्यावर लावू नका, नाहीतर पन्हाळ्याच निघून जातील.

तुम्ही टाकलेल्या उंचीच्या नकाशात स्केलबार दिसत नाही अन् जीसीपी (जमिनीवर ठेवलेल्या, जागा मोजलेल्या खुणा) घेतले होते का ते लिहिलं नाहीये. ते सांगा, अन् दोन्ही वावरांचा प्रत्येकी ५ बाय ५ मीटरचा कच्चा तुकडा टाका, ग्रिड न केलेला पॉइंट क्लाउड (फोटोंतून निघालेले सुटे उंचीचे बिंदू), फिल्टरिंगच्या सेटिंगसकट. व्हेरिओग्राम मी काढून देतो. पण टिन अन् प्लायची चौकट तुम्हालाच करावी लागेल, अन् रोटाव्हेटरच्या वावरावर पाऊस पडायच्या आत, नाहीतर माती बसेल अन् तुलना करायला काही उरणार नाही.